‘तू नेमकी कोण?’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला विचारला जातो तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी मूळची साताऱ्याची, गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत. नवरा ब्लॅक अमेरिकन. मुलगा तेरा वर्षांचा, रंगारूपाने बाबांवर गेलाय. मुलगी आठ वर्षांची, गव्हाळ, केस मात्र बाबांकडचे, दाट कुरळे. शाळेत मुलं तिला विचारतात, ‘तू नेमकी काय आहेस?’ मराठी शाळेत एकीने सांगितलं, ‘तू खरी मराठी नाहीस.’ तिच्या आत्या तिच्या केसांना ‘चांगले केस’ म्हणतात, भावाच्या केसांबद्दल कुणी काही बोलत नाही. माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.’ गेल्या महिन्यात लेकीने स्वतःचं चित्र काढलं: सरळ पिवळे केस, गुलाबी चेहरा. मुलाने मराठी शाळेत यायचंच बंद केलंय. मागच्या गल्लीत सायकल चालवताना एका बाईने त्याला अडवून विचारलं, ‘तू इथे कुणाकडे आलायस?’ नवरा म्हणतो, ‘जग त्यांना ब्लॅकच समजणार, तशीच वाढवू.’ मला वाटतं, मग माझं काय? शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं इथपासून आमचं जुळत नाही.”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच अडलंय. तुमचा नवरा रस्त्याबद्दल बोलतोय: दुकानातला रखवालदार, नवी शिक्षिका, पोलीस हे मुलांकडे बघून काय धरून चालतील. तुम्ही घराबद्दल बोलताय: मुलं कुणाच्या मांडीवर वाढली, कुठली भाषा कानावर पडली. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघांची उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण होतं ते एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर जोडल्यामुळे.

तुमच्या नवऱ्याच्या तोंडी ‘ब्लॅक’ या शब्दाचा अर्थ ‘मराठी नाही’ असा नसतो. तुम्हाला तो तसा ऐकू येतो, कारण आपल्याकडे जात बापाकडून येते आणि एकच येते. अमेरिकेत ब्लॅक या ओळखीचा इतिहास उलटा आहे. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने ठरवलं की ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूसही नाही तोच गोरा. एक थेंब पुरेसा, आणि माणूस गोऱ्यांच्या बाहेर. (त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता ‘गोरा’ नाही, असा निकाल दिला होता. त्या नजरेत तुम्हीही बाहेरच्याच.) गोऱ्यांशी मिश्रविवाहाला बंदी घालणारे कायदे १९६७ च्या, लव्हिंग आडनावाच्या जोडप्याच्या खटल्यातल्या निकालाने गेले, तेव्हाही ते १६ राज्यांत शिल्लक होते. याचा परिणाम असा की पिढ्यान्‌पिढ्या संमिश्र मुलं ब्लॅक घरांत जन्मली, तिथेच वाढली आणि ब्लॅकच म्हणवली गेली. त्या शब्दाच्या पोटात मिश्रण आधीपासूनच आहे. तुमच्या मुलीने उद्या ‘मी ब्लॅक आहे’ म्हटलं तर त्यातून साताऱ्याची आजी वजा होत नाही.

कमला हॅरिस यांचं उदाहरण इथे खरोखर कामाचं आहे. आई तमिळ, वडील जमैकाचे. आपण दोन ब्लॅक मुली वाढवतोय हे आईने पुरतं ओळखलं होतं, असं हॅरिस यांनी लिहिलंय. त्याच मुली मद्रासला आजोळी जात होत्या, आजोबांबरोबर समुद्रावर फिरत होत्या. पण उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरसुद्धा, २०२४ च्या प्रचारात प्रतिस्पर्ध्याने जाहीर मंचावर विचारलंच की ही भारतीय की ब्लॅक? म्हणजे तुम्ही घरी सगळं नीट केलंत तरी हा प्रश्न बाहेरून येत राहणार. तयारी करायची ती तो येणारच असं धरून.

म्हणून पहिलं काम: या आठवड्यात मुलं झोपल्यावर दोघांनी बसा आणि एक वाक्य ठरवा, जे दोघांच्याही तोंडी शब्दशः तेच असेल. आमची सूचना अशी: “बाबा ब्लॅक आहेत, आई मराठी आहे, तू दोन्ही आहेस, पूर्णपणे दोन्ही. काही लोकांना बघताक्षणी त्यातलं एकच दिसेल. ते बघणं त्यांचं आहे.” ‘अर्धी-अर्धी’ हा शब्द घरातून काढून टाका. आठ वर्षांचं मूल अपूर्णांक खरे मानतं. ‘कुठला अर्धा भाग?’ असं ते मनात मोजायला लागतं आणि दोन्हीकडे कमी भरतं. ‘आपल्याला रंग दिसतच नाही, सगळी माणसं सारखी’ हेही बोलू नका. हेतू चांगला असतो, पण मुलाला रंग दिसलेला असतो. १९४० च्या दशकात क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान ब्लॅक मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून ‘छान कुठली’ असं विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी गोरीकडे बोट दाखवलं. १९५४ च्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या निकालात या प्रयोगाचा आधार घेतला गेला. जे सगळ्यांना दिसतं आणि ज्यावर घरात कुणी बोलत नाही, ते काहीतरी लाजेचं असणार असा मुलं निष्कर्ष काढतात.

भाषेची एक अडचण मराठी घरांत हमखास येते. इंग्रजीत ‘ब्लॅक’ हे एका समाजाचं नाव आहे, अभिमानाने घेतलेलं. मराठीत त्याचं भाषांतर करून ‘काळे लोक’ म्हटलं की आवाजच बदलतो; फोनवर नातेवाइकांशी बोलताना तर जास्तच. समाजाचं नाव म्हणून मराठी बोलतानाही ‘ब्लॅक’च म्हणा. आणि ‘काळा’ हा शब्द रंगासाठी सरळ, न दबकता वापरा: काळे डोळे, काळी माती, दादाचा काळा रंग. ‘कल्लू’ वगैरे शब्द कुणाच्याही तोंडून, गमतीतही, तुमच्या घरात ऐकू आले तर त्याच क्षणी थांबवा. विठोबा काळा, कृष्ण सावळा असं सांगून समजूत घालण्याचा मोह होईल. एकदा सांगा, हरकत नाही. पण त्यावर फार विसंबू नका. त्याच देवाला हात जोडून गोरी सून शोधणारी घरं मुलीला पुढे दिसणारच आहेत.

आता ते चित्र. त्याला घाबरू नका आणि कागदावरच दुरुस्ती करायला बसू नका. ‘असं का काढलंस? तू अशी कुठे आहेस?’ असं विचारलंत तर ती पुढचं चित्र तुम्हाला दाखवणार नाही. शेजारी बसून म्हणा, “हिच्याबद्दल सांग ना मला.” बरेचदा उत्तर साधं असतं: वर्गातल्या सगळ्या तशीच काढतात, किंवा डब्यात तोच रंग होता. त्या गुलाबीसर खडूला आपल्या घरांत अजून ‘स्किन कलर’ म्हणतात. १९६२ पर्यंत क्रेयोलाच्या पेटीवरही त्याचं नाव ‘फ्लेश’ असंच होतं. त्याच कंपनीने २०२० मध्ये त्वचेच्या २४ छटांची वेगळी पेटी काढली. ती आणून नेहमीच्या खडूंमध्येच मिसळून ठेवा, ‘हे तुझ्यासाठी खास’ असं न म्हणता. रविवारी चौघांनी मिळून पोस्टर रंग मिसळा: तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा, चिमूटभर निळा. प्रत्येकाने स्वतःच्या मनगटाशी जुळेल असा रंग बनवायचा. निळा लागतोच, त्याशिवाय तपकिरी मातकट केशरी होतो. तुमच्या रंगात आणि मुलीच्या रंगात किती कमी फरक आहे, आणि बाबांच्या व दादाच्या रंगात किती लाल उतरतो, हे तिला हाताने कळेल.

काळजी कधी करायची? चित्र पुन्हापुन्हा तसंच येतंय, त्याबरोबर ती अंग घासघासून धुतेय, फोटोतून पळतेय, बाबांनी शाळेत न्यायला येऊ नये म्हणतेय आणि हे दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला. समुपदेशक निवडताना पहिल्या फोनवरच विचारा: “संमिश्र वंशाच्या मुलांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि शाळेतल्या वंशभेदाच्या प्रसंगावर मुलाशी कसं बोलता?” दुसऱ्या प्रश्नाला ‘आम्ही सगळ्या मुलांना सारखंच वागवतो’ एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

‘तू काय आहेस?’ याला तिच्याकडे तीन तयार उत्तरं हवीत. मैत्रिणीने कुतूहलाने विचारलं तर पूर्ण उत्तर: “माझी आई भारतातली, मराठी, बाबा ब्लॅक अमेरिकन.” अनोळखी माणसाने विचारलं तर छोटं: “मी इथलीच आहे,” आणि चालू पडायचं. कुणी खोचकपणे विचारलं तर उलट प्रश्न: “का विचारतेस?” उत्तर न देण्याचाही तिला हक्क आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर मोठ्यांना उत्तर दिलंच पाहिजे हा आपला संस्कार आड येतो. ही उत्तरं गाडीत पाच मिनिटं खेळासारखी म्हणवून घ्या: तुम्ही खवचट मुलगी व्हा, तिला उत्तर देऊ द्या, मग अदलाबदल. दोन-तीन आठवड्यांत शब्द जिभेवर बसतात. नुसतं समजावून सांगितलेलं उत्तर ऐन वेळी आठवत नाही.

केसांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आठ वर्षांच्या मुलीला आपण कोण हे सगळ्यात जास्त वेळा कंगव्यातून कळतं. दर सकाळी ‘किती गुंता गं हा’ असं ऐकणारी मुलगी सरळ केस काढणारच. आपल्या सरळ केसांच्या सवयी या केसांना चालत नाहीत. रोज किंवा दिवसाआड न्हाणं नको; सात ते दहा दिवसांतून एकदा पुरे. कोरडे केस कधीच विंचरायचे नाहीत. कुरळा केस वळणाच्या जागी नाजूक असतो आणि तिथेच तुटतो. मग ‘हिचे केस वाढतच नाहीत’ असं वाटतं. ते वाढत असतात, तुटतही तेवढेच असतात.

न्हाण्याचा दिवस रविवारचा ठेवा, दोन तास मोकळे ठेवून. नारळाचं तेल अर्धा तास आधी लावा, ते उत्तम काम करतं. मग केसांचे चार ते सहा भाग करून चाप लावा. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. कंडिशनर मात्र हात सैल सोडून, इतकं की केस बोटांतून निसटायला हवेत. ते केसांवर असतानाच रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात करा, दोन बोटं वर सरकत सरकत मुळाकडे या. गुंत्याच्या वरचा केस दुसऱ्या हाताने घट्ट धरा, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही. टॉवेलने घासू नका, जुन्या सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच न धुता ठेवायचं कंडिशनर लावा आणि त्यावर थोडं तेल किंवा क्रीम. क्रम महत्त्वाचा. तेल ओलावा देत नाही, आत असलेलं पाणी धरून ठेवतं. कोरड्या केसांवर चोपडलं की नुसता चिकटपणा उरतो. वेण्या ओलसर केसांवरच घाला. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीचा अभ्रा. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि सकाळी सगळी मेहनत पुन्हा.

बारीक वेण्या घालून घेतल्यात तर साधारण सहा आठवड्यांत सोडा. घातल्यावर कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या किंवा डोकं दुखून झोप येईना, तर त्या जास्त आवळल्यात. त्याच दिवशी सैल करून घ्या. सतत ओढ बसली की कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. केस सरळ करणारी रसायनं या वयात अजिबात नकोत. टाळू भाजण्याचा धोका तर आहेच, शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात अशी उत्पादनं वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. शाळेने वेण्यांवर किंवा मोकळ्या कुरळ्या केसांवर आक्षेप घेतला तर तुमच्या राज्यात डिसेंबर २०१९ पासून क्राउन कायदा आहे. केसांच्या पोतावरून किंवा रचनेवरून भेदभाव हा तिथे वंशभेदच धरला जातो. मुख्याध्यापकांना ईमेल लिहा, फोन नको. लेखी नोंद राहते.

हे सगळं आत्याकडून शिका. व्हिडिओ बघूनही येईल, पण मुलीला आत्याच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून वेण्या घालून घेण्याची गोडी लागू द्या. आपल्याकडे आजी तेल लावते तेव्हा जे होतं, तेच तिथे होतं. फक्त ‘चांगले केस’ हा शब्द तिथे थांबवायला हवा. सैल वळणाचे ते चांगले आणि दादाचे घट्ट वळणाचे ते वाईट, असा त्याचा अर्थ आहे आणि तुमच्या मुलाने तो केव्हाच ऐकलाय. हे तुम्ही सांगायचं नाही. नवऱ्याने आपल्या बहिणींना सांगायचं. तसंच तुमच्या आईशी तुम्ही बोलायचं, जावयाने नाही. आपापल्या माहेरचं काम आपण करायचं हा नियम दोघांनी पाळला की निम्मे रुसवेफुगवे टळतात.

आईशी बोलताना मुलं समोर नकोत, आणि वेळ सणाची किंवा घाईची नको. मोठं भाषण देऊ नका. असं काहीतरी: “आई, तुझा जीव आहे तिच्यावर, मला माहितीये. पण रंगाबद्दल तिच्यासमोर एक शब्द नको, चांगलाही नको. ‘गोरी दिसतेस आज’ हेही नको. ती दादाकडे बघते आणि हिशेब लावते.” आई म्हणेल, “आमच्या वेळी असंच बोलायचे, त्यात काय एवढं.” त्यावर वाद घालू नका, तिला दुसरं काम द्या. दर रविवारी पंधरा मिनिटं तिने नातीला एक गोष्ट सांगायची, तुमच्या लहानपणची. एवढं करूनही कॉलवर पुन्हा ते वाक्य आलंच तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता म्हणा, “आई, आपलं ठरलंय ना,” आणि विषय बदला. मुलांना एवढं दिसलं पाहिजे की आई गप्प बसली नाही. उन्हाची काळजी खरीच करायची तर सगळ्यांनाच सनस्क्रीन लावा. गडद त्वचाही भाजते. हळद-बेसनाचं उटणं दिवाळीला मजेत लावा, ‘रंग उजळायला’ म्हणून कधीच नको.

दोन मुलांच्या रंगात फरक असला की घरात एक छुपी तराजू चालू असते. एक आठवडा फक्त टिपून ठेवा: कोणत्या मुलाला, कुणी, कशाबद्दल शाबासकी दिली. मुलीला ‘गोड’, ‘सुंदर’ आणि मुलाला ‘केवढा उंच झालास’, ‘मजबूत’ असं आढळलं, तर त्याच्या हसण्याचं, हातांचं, डोळ्यांचंही कौतुक त्याच्या कानावर पडू द्या. तेरा वर्षांच्या मुलालाही देखणं म्हणवून घ्यायचं असतं.

मराठी शाळेतल्या प्रसंगात त्या मुलीला रागावून उपयोग नाही. ते वाक्य तिने घरून आणलंय. बाईंना भेटा आणि दोन ठोस गोष्टी मागा. एक, असं वाक्य वर्गात पुन्हा आलं तर बाईंनी लगेच म्हणायचं: “मराठी बोलतो-शिकतो तो मराठी. आपल्या वर्गात सगळे मराठी.” ‘असं बोलू नये’ एवढं पुरत नाही, कारण त्यातून चूक बोलण्यातली कळते, माहितीतली कळत नाही. दुसरी, एका रविवारचा धडा मलिक अंबरवर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्या काळातल्या नहरींच्या खुणा तिथे अजून आहेत. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शिवकाळ शिकवणारी शाळा याला नाही म्हणणार नाही, आणि आफ्रिकी माणूस मराठी इतिहासात पाहुणा नाही हे सगळ्या वर्गाला एकदमच कळेल. मोठ्या मुलाला आणखी एक सांगा: जोतिराव फुल्यांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेलं आहे. त्याच्या दोन घराण्यांची ओळख त्याच्या आईबाबांच्या लग्नात पहिल्यांदा झालेली नाही.

फॉर्मचं सोपं आहे. अमेरिकेत २००० च्या जनगणनेपासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते. शाळेच्या फॉर्मवरही ‘ब्लॅक किंवा आफ्रिकन अमेरिकन’ आणि ‘एशियन’ या दोन्हींवर खूण करा. रिकामं सोडू नका. बारावीपर्यंतच्या सार्वजनिक शाळांना केंद्राच्या नियमाप्रमाणे ही माहिती कळवावीच लागते. पालकांनी भरली नाही तर शाळेतलं कुणीतरी मुलाकडे बघून अंदाजाने भरतं, आणि तुमच्या दोन मुलांबाबत दोन वेगळे अंदाज होऊ शकतात. दोन खुणा केल्यात की सरकारी आकडेवारीत मूल ‘दोन किंवा अधिक वंश’ या रकान्यात जातं, तुमचं काही पुसलं जात नाही. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला फॉर्म दाखवून विचारा. तो एकाच चौकटीवर खूण करेल, पुढच्या वर्षी दुसऱ्या. वयात येताना हे बदलतं, त्याचा पुरावा मागू नका. डॉक्टरांकडे मात्र शब्दापेक्षा तपशील महत्त्वाचा: दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे आजार सांगा, आपल्याकडचा मधुमेह आणि हृदयविकार विशेष करून. जन्मावेळच्या रक्ततपासणीत सिकलसेलची खूण (आजार नव्हे, त्याचा फक्त वाहक असणं) आढळली होती का, हेही विचारून घ्या. अमेरिकेत साधारण दर १३ ब्लॅक बाळांमागे एकात ती असते.

मुलाबद्दल सर्वात शेवटी लिहितोय, पण घाई त्याचीच आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुन्ह्याचा संशय असलेल्या ब्लॅक मुलांचं वय लोकांनी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं. म्हणजे तुमचा तेरा वर्षांचा मुलगा संशयाने बघणाऱ्याला सतरा-अठराचा वाटू शकतो. (मुलीही सुटत नाहीत. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालानुसार ५ ते १४ वयाच्या ब्लॅक मुली मोठ्यांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात. शाळेतून ‘उद्धट आहे’ अशी तक्रार आली तर नेमकं वाक्य आणि वेळ विचारा.) ब्लॅक घरांत पोलिसांबद्दलचं एक बोलणं ठरलेलं असतं. ते नवऱ्याने करावं, पण तुम्ही त्या खोलीत असा. आईला हे झेपत नाही असं मुलाला वाटलं तर पुढे तो तुमच्यापासून प्रसंग लपवेल.

त्याला हे पाठ हवं. पोलिसांनी थांबवलं तर पळायचं नाही. हात खिशाबाहेर, दिसतील असे. फोन किंवा ओळखपत्र काढण्याआधी बोलून सांगायचं आणि ‘काढा’ म्हटल्यावरच हळू काढायचं. “मी जाऊ शकतो का?” हे विचारायचं, हो म्हटलं तर चालत निघायचं. झडती घेतो म्हणाले तर “माझी संमती नाही” एवढं शांतपणे म्हणायचं, हाताने अडवायचं नाही. ताब्यात घेतलं तर नाव सांगायचं आणि मग दोन वाक्यं, दोन्ही: “मला आईबाबांना फोन करायचाय” आणि “मला वकील हवाय, तोवर मी उत्तरं देणार नाही.” नुसते आईबाबा मागणं हे कायद्याने वकील मागण्यासारखं धरलं जाईलच असं नाही, म्हणून दुसरं वाक्य वगळायचं नाही. ही वाक्यं इंग्रजीतच पाठ करून घ्या, तुमचे आणि बाबांचे नंबर फोन न बघता म्हणता आले पाहिजेत. खरी वाटणारी खेळण्यातली बंदूक, छऱ्यांची असो की पाण्याची, त्याच्या हातात घराबाहेर नको, मित्राचीही नको. तामिर राइस बारा वर्षांचा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत खेळण्यातलं पिस्तूल हातात असताना पोलिसांच्या गोळीने गेला. मुलाला हे नाव सांगा, तो दुसरीकडून ऐकण्याआधी.

हे सगळं एका बैठकीत सांगू नका. वीस मिनिटं, मग थांबा, आठवड्याने पुढचं. आणि प्रत्येक वेळी हेही सांगा की नियम अन्यायाचा आहे, तुझ्यात खोट आहे म्हणून नाही. हे राहून गेलं तर मुलगा सावध होतो, पण आतून स्वतःलाच दोष देत राहतो.

सायकलवर अडवणाऱ्या त्या बाईकडे मुलाला ओळख करून द्यायला नेऊ नका. आपल्याच गल्लीत फिरायला त्याला कुणाची परवानगी लागते असा त्याचा अर्थ होईल. तुम्ही दोघं एका संध्याकाळी जा, सांगा, “त्या दिवशी तुम्ही ज्याला अडवलंत तो आमचा मुलगा, मागच्याच घरात राहतो. पुन्हा काही वाटलं तर आम्हाला फोन करा, त्याला अडवू नका,” आणि नंबर देऊन या. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तुम्ही ‘तू काय उत्तर दिलंस?’ असं विचारलं असेल तर आता दुरुस्त करा. आधी “तुझी काही चूक नव्हती” हे म्हणा. मग त्याला बोलायचं असेल तेवढं बोलू द्या, नसेल तर जेवायला वाढा आणि उद्या सायकलवर त्याच्याबरोबर तुम्हीही निघा, त्याच गल्लीतून.